व्याहीबुवांचं गोठलेलं तळं

स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्यांची एक पिशवी टांगलेली असते. मुद्दाम कुणी ती भरत नाही, पण ती फुगत जाते, आणि एक पिशवी ओढायला जावं तर दहा बाहेर येतात. आमच्या मंडळींच्या किश्श्यांचं तसंच झालंय. परवा एका लग्नात कुणीतरी विचारलं, "काय देशपांडे, तुम्ही म्हणे बर्फात मासे धरायला गेला होतात?" मी म्हटलं, एकच सांगतो. पंगत उठली, हात वाळले, आचारी भांडी घेऊन गेला, तरी माझं चालूच!

तर मंडळी म्हणजे आम्ही चौघं, सगळे गारखेड्यातले. रविवारी सकाळी गळ घेऊन तलावावर जाऊन बसणारे. एक नानासाहेब. मूळचे वैजापूरकडचे, शेती लासूर स्टेशनजवळ, राहायला मुलाच्या फ्लॅटमध्ये. दुसरे जोशी सर, आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि अजून थांबलेले नाहीत. तिसरे सलीमभाई, त्यांचा बर्फाच्या लाद्यांचा कारखाना. चौथा मी. वाळूजच्या एका कंपनीत एक्स्पोर्ट खात्यात होतो, त्यामुळे मला इंग्रजी येतं असा मंडळींचा समज आहे. तो मी कधी खोडून काढला नाही.

यातले दोघं, म्हणजे मी आणि जोशी सर, मासे खातच नाही! घरचे विचारतात, मग जाता कशाला? मी धरतो आणि सोडून देतो. जोशी सरांना तेवढाही त्रास नाही, त्यांच्या गळाला आजवर एकही मासा लागलेला नाही. सर म्हणतात, "माझा भर तत्त्वावर आहे."

सलीमभाई म्हणतात, "हौ सर, आपकी मछली पानी में च रिटायर होती!"

*

नानांची लेक वैशाली कॅनडात असते. तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. मुलगा गुणी, एरिक नाव. लग्न तिकडेच, कचेरीत सह्या करून झालं. नानांनी ते मोबाइलवर पाहिलं, आणि ऐन सह्यांच्या वेळी चित्र अडकलं. अर्धा तास नानांना जावयाचा फक्त कान दिसत होता.

नानांनी लग्नाला नाही म्हटलं नव्हतं. पण एक काटा मनात राहून गेला. आपल्याकडे लग्नात व्याहीभेट असते. मुलीचा बाप आणि मुलाचा बाप एकमेकांना गंध लावतात, नारळ देतात, मिठी मारतात. दोन घरं तेव्हा जोडली जातात. ती राहिली. भावकीत कुणी विचारायचं, "नाना, व्याही कसा हाय?" आणि नाना विषय बदलायचे. एका रविवारी तलावावर ते आपणहून म्हणाले, "देशपांडे, बैल घ्यायचा तर मी आदी गोठा बगतो. आन् लेक दिली ती कुणाच्या घरात, हे मला ठाव नाय. रात्री डोळा लागत नाय बगा."

नानांना असं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

मग दिवाळीच्या आधी वैशूचा फोन आला. "नाना, वॉल्टर तुम्हाला बोलावतोय. हिवाळ्यात. तळ्यावर. मासे धरायला."

"वॉल्टर कोण?"

"माझे सासरे!"

"सासऱ्याला नावानं हाका मारतीस?" नानांनी आधी ते निस्तरलं. मग विचारलं, "हिवाळ्यात तळ्यावर? तळं तर गोठतंय म्हणतीस."

"गोठतं. त्यावर बसायचं, भोक पाडायचं आणि खालचे मासे धरायचे. नाना, वॉल्टर कुणाला बोलावत नाही. दिवसाला चार वाक्यं बोलला तर खूप. तुम्ही याच."

सलीमभाईंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "देशपांडेसाब, मछली पे बरफ डालते, ये मेरेकू मालूम. बरफ के नीचे से मछली निकालते, ये कायकू?"

*

जोशी सर म्हणाले, सरावाशिवाय जाणं म्हणजे शुद्ध आत्महत्या.

ऑक्टोबरचं ऊन. नानांच्या शेतात मोठा हौद आहे. सलीमभाईंनी टेम्पो भरून लाद्या आणल्या, पोत्यात गुंडाळलेल्या, वर भुसा. आम्ही त्या एकेक करून हौदात सोडल्या. सर काठावर उभे राहून शिकवायला लागले. "बर्फ पाण्यावर तरंगतो. दहातले नऊ भाग पाण्याखाली, एक भाग वर. नाना, निर्धास्त पाय ठेवा."

नानांनी पाय ठेवला आणि कमरेपर्यंत आत गेले.

वर आले, धोतर पिळलं आणि म्हणाले, "सर, त्यो वरचा एक भाग म्हंजी मी व्हय?"

मग काठावरच स्टूल टाकायचं ठरलं. सुताराकडून गिरमिट आणलं होतं. लादीला भोक पाडलं, गळ खाली सोडला, आणि चार कर्ती माणसं भर उन्हात बर्फाच्या भोकाकडे टक लावून बसलो. शेजारच्या शेतातला एकजण बांधावरून आला. "नाना, हौदात काय पडलं का?"

"नाय. मासे धरतोय."

"हौदात मासे हायत?"

जोशी सर म्हणाले, "मासे सरावात नसतात."

तो माणूस आला तसा परत गेला, आणि संध्याकाळपर्यंत अर्धं गाव येऊन बघून गेलं. तोवर लाद्या विरघळल्या होत्या. नानांच्या म्हशी हौदावर आल्या, ते गारेगार पाणी प्यायल्या, पुन्हा प्यायल्या आणि हलेनात.

दुसऱ्या दिवशी नानांच्या भावाचा शेतावरून फोन, लई चिडलेला. "नाना, काय करून ठिवलं तुमी? म्हशी साध्या पाण्याला त्वांड लावंनात!"

*

विमानतळाचा किस्सा छोटा आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या नानांच्या गळाला कणकेचा गोळा असतो. त्यात भाजलेलं बेसन आणि हिंग. हिंगाचं प्रमाण नानांनी सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही. तिकडच्या माशांनाही हेच आवडणार, याबद्दल त्यांची खात्री होती. मी शंभर वेळा नको म्हटलं. त्यांनी डबा बॅगेत घातलाच.

इंग्रजीसाठी म्हणून नानांनी मला सोबत घेतलं होतं, तेव्हा कॅनडात उतरलो ते आम्ही दोघंच. सामान तपासायला एक कुत्रं आणलेलं होतं. रुबाबदार, गळ्यात पट्टा, सगळ्यांच्या बॅगा हुंगत चाललेलं. नानांच्या बॅगेपाशी आलं. हुंगलं. एक शिंक दिली. दुसरी दिली. मग खाली बसलं ते बसलंच, पुढच्या बॅगेकडे बघायलाही तयार नाही. पोलीस त्याला ओढतोय, ते शिंकतंय. दोन अधिकारी धावत आले, डबा उघडला आणि दोघंही दोन पावलं मागे सरले.

मी घामाघूम. "सर, हे माशांचं खाणं आहे."

"कुठल्या माशांचं?"

मी नानांना विचारलं. नाना म्हणाले, "त्यांच्याच गावचे मासे हायत म्हणावं. आन् कुत्र्याला सर्दी झालीय, त्याला तुळशीचा काढा द्या."

पहिल्या वाक्याचं मी भाषांतर केलं. दुसरं गिळलं. डबा अर्थातच जप्त.

*

तळं बघितलं आणि माझी बोबडी वळली. नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं, आणि त्यावर लाकडी खोपटी मांडलेली. प्रत्येकात एक शेगडी, छपरातून धुराचं नळकांडं, आत कडेला फळ्यांची जमीन, मधे उघडा बर्फ आणि बर्फाला भोकं. बाहेर आणखी भोकं, प्रत्येकावर छोटा झेंडा आडवा करून ठेवलेला. खाली माशानं ओढ दिली की झेंडा उभा राहतो. भोक पाडायला माणसाच्या छातीएवढं गिरमिट. भोकात पुन्हा बर्फाचा चुरा जमतो, तो काढायला झारा.

झारा बघून नानांना धीर आला. "देशपांडे, हे तर बुंदीचं झारं हाय! आचारी माणूस दिसतोय व्याही."

वॉल्टर खोपटाबाहेर उभा होता. सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा, चेहऱ्यावर काही नाही. राग नाही, आनंद नाही, गोठलेल्या तळ्यासारखाच. नानांनी पिशवीतून भगवा फेटा काढून स्वतःच्या कानटोपीवर बांधला. दुसरा काढला आणि वॉल्टरच्या डोक्यावर बांधायला लागले. हात पुरेना, तेव्हा वॉल्टर काही न विचारता गुडघ्यावर बसला. नानांनी गंध लावलं, मिठी मारली. वैशूनं शहरातल्या दुकानातून नारळ आणून ठेवला होता. तो नानांनी डोक्यावर उचलला आणि "गणपती बाप्पा मोरया" म्हणून बर्फावर आपटला.

फाडकन आवाज झाला! आणि तळ्यावरच्या एकूण एक खोपटाचं दार उघडून माणसं बाहेर पळाली. बर्फ तडकला असं वाटलं त्यांना. कुणी मोज्यांवर, कुणी हातात गळ तसाच, एक लाल दाढीवाला तर खुर्चीसकट.

मी सगळ्यांची माफी मागितली. नानांनी माफीबिफी काही मागितली नाही. ते खोबऱ्याचे तुकडे करून खोपटोखोपटी प्रसाद वाटून आले. "खा म्हणावं, द्येवाचं हाय." तिकडचे लोक शिष्टाचाराचे. सगळ्यांनी आदरानं घेतलं.

आणि सगळ्यांनी तो गळाला लावला!

मी नानांना सांगणार नव्हतो. पण तेवढ्यात लाल दाढीवाल्याचा झेंडा उभा राहिला आणि त्यानं हातभर लांब ट्राउट मासा वर ओढला. पाठीवर ठिपके, पोट सोनेरी, बर्फावर पडल्यापडल्या कडक. माणूस नाचायचा बाकी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉल्टरच्या खोपटाबाहेर रांग. नारळ आहे का विचारायला.

नाना मला म्हणाले, "बगा देशपांडे, किती धार्मिक लोक हायत."

*

त्या तळ्यात स्मेल्ट नावाचा एक मासा असतो. बोटभर लांब, चांदीसारखा. खोपटात बसून हातात दोरी धरायची, बारीक गळ खाली सोडायचा, आणि थवा आला की एकामागून एक निघतात. वॉल्टर ते वर काढून बर्फावर टाकत होता आणि खोपटात एक वास भरत चालला होता. मी खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. ओळखीचा वास, एकदम घरचा.

काकडी! कोवळी, नुकती सोललेली काकडी!

मला वाटलं थंडीनं डोकं फिरलं. पण वॉल्टर म्हणाला, "स्मेल्ट. काकडीसारखाच वास येतो." त्याचं त्या दिवसातलं पहिलं वाक्य.

नाना एक मासा हातात धरून माझ्या नाकाशी आणत म्हणाले, "देशपांडे, हा तुमच्यातला दिसतोय. मुंज झालीय का बगा."

जोशी सरांना व्हिडिओ कॉल लावला. हा मोठा धर्मप्रश्न होता. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चालणार नाही ते नाहीच. पण हुंगायला हरकत नाही. आणि हुंगताना शेजारी दाण्याचं कूट ठेवा."

*

आता खरी भानगड सांगतो.

नाना लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. आपल्याकडे जुन्या लोकांत असतं हे, लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी पाणी घ्यायचं नाही. नानांच्या घरात ते जास्तच कडक. घरचं नव्हे, गावचंच घ्यायचं नाही. लेकीच्या गावची शीव लागली की तोंड बंद. नानांनी महिनाभराच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. पाणी मी दुकानातून बाटलीबंद आणायचो, कारण जोशी सरांनी फोनवर निकाल दिला होता की बाटलीवर उगम दुसऱ्या गावचा लिहिलाय, सबब चालेल.

घरात हे कसंबसं निभत होतं. खोपटात निभेना. वॉल्टर रोज सकाळी शेगडीवर कॉफी करायचा. तळ्याचंच पाणी, भोकातून काढलेलं. पहिला कप नानांपुढे धरायचा. नाना दोन्ही हात जोडून मान हलवायचे. वॉल्टर कप तसाच धरून थोडा वेळ थांबायचा, मग खाली ठेवायचा. कॉफी गार व्हायची, मग कपातच गोठायची. संध्याकाळी तो कप उलटा करून ठोकायचा आणि कॉफीची ढेप बाहेर पडायची.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी वॉल्टरनं कप पुढे केलाच नाही.

त्या संध्याकाळी वैशू स्वयंपाकघरात उभी राहून रडली. "काका, वॉल्टर एरिकला म्हणाला, 'तुझ्या सासऱ्याला मी आवडलेलो नाही.' एवढंच. पण तो असं कधी बोलत नाही. त्याची बायको गेल्यापासून त्यानं कुणाला तळ्यावर नेलं नव्हतं, काका. एरिकलासुद्धा नाही."

मी नानांकडे गेलो. म्हटलं, "नाना, इथं कोण बघतंय? एक घोट घ्या."

नाना म्हणाले, "माज्या बापानं पाळलं. त्याच्या बापानं पाळलं. सात समुद्र वलांडले म्हणून मोडू? आन् मोडलं तर लेकीला वाटंल, परदेशात दिली म्हणून रीत सोडली, बापानं आपल्याला परकी केली. मला काय त्या माणसाचा राग हाय व्हय? लई चांगला माणूस हाय त्यो. पर त्याला कसं सांगू?"

मी भाषांतर करून सांगतो म्हटलं, तर तेही नको. "व्याह्याला असं सांगू नये. अपमान हुतोय."

*

शेवटचा उपाय म्हणून गारखेड्याला कॉल लावला. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ, जोशी सर आणि सलीमभाई कारखान्यात खुर्च्या टाकून बसलेले. मी प्रश्न मांडला: तळ्याचं पाणी चालत नाही. पण बर्फ चालेल का?

जोशी सर खुलले. "प्रश्न उत्तम आहे! पदार्थ तोच, अवस्था वेगळी. घन, द्रव, वायू. शास्त्रात पाणी म्हणजे द्रव. बर्फ चघळला तर पाणी प्यालं असं म्हणता येणार नाही."

नाना म्हणाले, "तोंडात पाणी हुतंय की."

"ते तुमच्या तोंडात झालं. तुमचं तोंड वैजापूरचं आहे."

मला हे पटलं. नानांनाही पटत आलं होतं. पण सलीमभाई उठले. "नक्को सर. पैंतीस साल से बरफ बेच रहा मैं. बरफ में जिस गांव का पानी, वो उसी गांव का बरफ. लासूर का पानी जमाके मुंबई भेजो, तो मुंबई का होता क्या?"

मी सरांना पहिल्यांदाच गप्प झालेलं पाहिलं. नानांनी फोन बंद केला. "सलीमभाईचं खरं हाय."

*

दुसऱ्या दिवशी खोपटात तिघंच होतो, वॉल्टर, नाना आणि मी. शेगडी पेटलेली, कॉफी उकळलेली, एकच कप भरलेला. वॉल्टर भोकाकडे बघत बसला होता. मला ते सहन होईना. नानांना न विचारता मी त्याला सगळं सांगून टाकलं. रीत, बाप, आजा, लेक, शीव, सगळं. इंग्रजीत शिवेला काय म्हणतात ते आठवेना, म्हणून बर्फावर बोटानं रेघ ओढून दाखवली.

वॉल्टरनं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही. डोळे मोठे केले नाहीत. एकच प्रश्न विचारला. "कुठपर्यंत?"

नानांना मी विचारलं. नाना म्हणाले, "गावची शीव असंल तिथवर."

वॉल्टर उठला. दोऱ्या गुंडाळल्या. शेगडीचं दार घट्ट लावलं. बाहेर गेला. आम्हाला वाटलं, रागावला. मग बाहेर इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. बर्फावर चालणारी ती स्कूटर असते ना, तिला त्यानं दोर बांधला होता. दोराचं दुसरं टोक खोपटाला. एक हिसका बसला, नाना शेगडीपासून वाचत दाराला चिकटले, आणि खालून भोकं मागे सरकायला लागली!

"देशपांडे!" नाना ओरडले. "देशपांडे, घर चाललं!"

घर चाललंच होतं. खिडकीतून लोकांची खोपटी मागे पडत होती. लाल दाढीवाला दारात उभा राहून बघत होता. बरंच अंतर गेल्यावर बर्फात रोवलेला एक खांब लागला, त्याला नारिंगी फडकं बांधलेलं. तिथं या गावाची हद्द संपते आणि पलीकडच्या गावाची सुरू होते. खांब ओलांडून वॉल्टर थांबला.

नाना उतरले. खांबाकडे पाहिलं, खोपटाकडे पाहिलं. खोपटाची मागची फळी अजून हातभर अलीकडे राहिली होती. नानांनी बोटानं दाखवलं. वॉल्टर परत गाडीवर बसला आणि तेवढं हातभरही ओढून घेतलं.

मग त्यानं गिरमिटानं नवीन भोक पाडलं. झाऱ्यानं चुरा काढला. जुनी कॉफी फेकून किटली धुतली, नव्या भोकातलं पाणी भरलं, शेगडीवर ठेवलं. कप भरला आणि नानांपुढे धरला.

नानांनी तो दोन्ही हातांनी घेतला. कपातली कॉफी थर्मासच्या झाकणात ओतली, बशीत ओततात तशी, आणि फुंकर मारून प्यायले. वॉल्टर बघत होता. झाकण रिकामं झाल्यावर नानांनी ते पुन्हा पुढे केलं. माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, तिथं अश्रू गालावरच गोठतात, लपवता येत नाहीत.

अडचण एकच होती. त्या बाजूला तळं उथळ, खाली नुसती वाळू. मासा तिकडे फिरकतच नाही, हे तळ्यावरच्या पोरासोरांनाही माहीत. दिवसभर आम्ही तिघं बसलो आणि दोरी हललीसुद्धा नाही. वॉल्टर आणि नाना आपापल्या भाषेत बोलत होते. नाना बैलांबद्दल सांगत होते. वॉल्टर बहुतेक बायकोबद्दल. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर दोघांनीही हातानं गप्प बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथं पोचलो आणि बघतो तर काय! खांबाच्या पलीकडे, आमच्या खोपटाभोवती, तळ्यावरची यच्चयावत खोपटी येऊन बसलेली. वॉल्टर म्हणजे त्या तळ्यावरचा सगळ्यात पटाईत गडी. त्यानं जागा बदलली म्हणजे खाली काहीतरी आहेच, असं सगळ्यांनी धरलं होतं. कुणी भोकं पाडत होतं, कुणी झेंडे लावत होतं. दिवस चढला, उतरला. एकाचाही झेंडा उठला नाही. पण मासे धरणारी माणसं सगळीकडे सारखीच, दुसऱ्याला विचारत नाहीत. सगळे गुपचूप बसून होते.

शेवटी लाल दाढीवाल्याला राहवलं नाही. तो आमच्या दारात आला.

"वॉल्टर, इथं मासा आहे का रे?"

"नाही."

"कधी होता?"

"कधीच नव्हता."

"मग तू इथं का आलास?"

वॉल्टरनं नानांकडे पाहिलं. नाना झाकणातल्या कॉफीवर फुंकर मारत होते.

"ह्यांना इथं पाणी चालतं," वॉल्टर म्हणाला.

लाल दाढीवाल्यानं मान हलवली. मग आपल्या खोपटाकडे गेला, गिरमिट घेऊन परत आला आणि आमच्या दाराशेजारी आणखी एक भोक पाडायला लागला.